‘हे खरे नाही’ एवढ्यावर मंत्री सुटू नयेत म्हणून: आपला प्रश्न सभागृहात कसा न्यायचा

डिसेंबर आला की आमच्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्सला लग्नघराची कळा येते. भिंती रंगतात, दुभाजकांना काळे-पांढरे पट्टे बसतात, वर्षभर न बुजलेले खड्डे दोन रात्रींत बुजतात. झिरो माइलपाशी कठडे लागले की सीताबर्डीला जायला ऑटोवाले मनाला येईल ते भाडं सांगतात. हिवाळी अधिवेशनाची माझी ओळख ४५ वर्षं एवढीच होती.

मग गावाकडच्या मावशीचं श्रावणबाळ योजनेचं, म्हणजे निराधार म्हाताऱ्यांसाठीचं पेन्शन अडकलं. चार महिने. ‘बँकेत गेली तं म्हणते तहसीलीत जा, तहसीलीत गेली तं म्हणते बँकेत जा. मी का फुटबॉल हाओ का?’ मावशी फोनवर विचारत होती. मी इतवारीतल्या एका दुकानाचे हिशेब लिहितो, कागदाशी माझं बरं जमतं. जोशात येऊन चार पानी निवेदन लिहिलं, आमदारांच्या कार्यालयात दिलं, आणि नशिबाने त्याचा अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा, प्रश्न झालाही. उत्तर आलं ते असं: ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

मावशीचं पासबुक माझ्या हातात, त्यात चार महिने कोरे, आणि सरकार म्हणतं हे खरंच नाही! दोन दिवस मी भेटेल त्याच्यापाशी बोटं मोडली. तिसऱ्या दिवशी प्रश्न शांतपणे वाचला, तेव्हा ट्यूब पेटली. मी लिहिलं होतं, ‘जिल्ह्यातील हजारो निराधारांचे अनुदान वर्षभरापासून बंद आहे.’ हजारोंचा माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि वर्ष तर मुळीच झालं नव्हतं. उत्तर देणाऱ्याने प्रश्नातलं वाक्य तपासलं, ते चुकीचं निघालं, विषय संपला. सुटायचं दार मीच उघडं ठेवलं होतं.

त्यानंतरच्या तीन-चार हिवाळ्यांत पेन्शनपासून संत्र्याच्या निर्यातीपर्यंत बरेच विषय घेऊन फिरलो. काही लागले, काही वाया गेले. तुमच्या चपला कमी झिजाव्यात म्हणून हे लिहितोय.

१. आधी ठरवा: काम मुंबईचं की दिल्लीचं?

निम्मे प्रश्न इथेच मरतात. अधिवेशन नागपुरात भरतं, म्हणून विधान भवनात काहीही विचारता येतं असं लोकांना वाटतं. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं, म्हणून विधिमंडळ इथे येतं. येतं ते राज्याचं सरकार. परराष्ट्र धोरणाबद्दल त्याला विचारून उपयोग नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ही वाटणी लिहून ठेवली आहे. परराष्ट्र व्यवहार केंद्र सूचीत १० व्या नोंदीला, पासपोर्ट आणि व्हिसा १९ व्या. सामाजिक सुरक्षा मात्र समवर्ती सूचीत, २३ व्या नोंदीला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे. त्यामुळे परराष्ट्राचा प्रश्न खासदारामार्फत दिल्लीलाच जातो, आणि समाजकल्याणाचा मात्र योजना पाहून ठरवावा लागतो.

योजना कोणाची हे असं ओळखा. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार या राज्याच्या योजना, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाच्या, तिथे आमदार. लाडकी बहीणही राज्याचीच, पण ती महिला व बालविकास विभागाकडे, सामाजिक न्यायकडे नाही. दिव्यांगांसाठी २०२२ पासून वेगळा दिव्यांग कल्याण विभाग आहे. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचं ईपीएस-९५ पेन्शन केंद्राच्या श्रम मंत्रालयाचं. त्यासाठी आमदाराच्या दारात बसलेले कितीतरी काका मी पाहिले आहेत. आमदार बिचारे पत्र देतात, पत्र दिल्लीला जातं, आणि काका पुढल्या वर्षी पुन्हा तिथेच.

गुंता होतो तो एकाच माणसाचं काम दोन्हीकडे असतं तेव्हा. ओळखीतल्या एका मुलाला राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली होती. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याचा सामाजिक न्याय विभाग ती देतो. हप्ता उशिरा आला, तर प्रश्न आमदाराचा. तोच मुलगा परदेशात अडचणीत सापडला आणि वकिलातीने दाद दिली नाही, तर प्रश्न खासदाराचा. आणि त्याला शिष्यवृत्ती राज्याची नसून नॅशनल ओव्हरसीज असती, तर पैशाचाही प्रश्न दिल्लीलाच, केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाला.

२. ‘परदेश’ दिसला म्हणून परराष्ट्र मंत्रालय धरू नका

हा धडा मला संत्र्याने दिला. काटोलकडे आमच्या नातेवाइकांची बाग आहे. आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनी आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं, तसा आंबिया बहाराचा माल इथेच तुंबायला लागला आणि भाव बसले. काटोल-नरखेडपासून पलीकडे वरुड-मोर्शीपर्यंत सगळ्यांचं एकच रडगाणं. मी खासदारांसाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या नावाने प्रश्न तयार केला. दुसरा देश आहे म्हणजे परराष्ट्रच, नाही का?

नाही. निर्यात, शुल्क, व्यापाराच्या वाटाघाटी हे वाणिज्य मंत्रालयाचं काम. चुकीच्या मंत्रालयाला दिलेला प्रश्न योग्य मंत्रालयाकडे वर्ग होतो खरा, पण प्रत्येक मंत्रालयाचे उत्तराचे दिवस ठरलेले असतात. वर्ग होता होता तो दिवस निघून जातो.

अशीच चूक २०२२ मध्ये युक्रेनहून परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पालकांची होताना पाहिली. मुलांना परत आणायची ‘ऑपरेशन गंगा’ मोहीम परराष्ट्र मंत्रालयाची, पण अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचं काय, हा प्रश्न आरोग्य मंत्रालयाचा. एकाच घरात दोन प्रश्न, दोन मंत्रालयं.

आणखी एक गोष्ट. शुल्क लावलं बांगलादेशने. त्यावर ‘शुल्क कधी कमी करणार?’ असं आपल्या मंत्र्याला विचारणं म्हणजे शेजारच्याच्या घरचा पंखा आपल्या बटणाने बंद करायला जाणं. मंत्र्याच्या हातात जे आहे तेच विचारा: हा विषय बांगलादेश सरकारपुढे मांडला काय, केव्हा मांडला, काय उत्तर आलं, आणि तोवर उत्पादकांसाठी काय केलं. यातलं शेवटचं राज्याच्या पणनमंत्र्यांनाही विचारता येतं. मग तोच विषय संसदेत आणि विधिमंडळात, दोन्हीकडे चालतो, आणि दोन उत्तरं शेजारी ठेवली की बरंच काही दिसतं.

३. कोणाला गाठायचं?

आपल्या मतदारसंघाच्या लोकप्रतिनिधीला, असं तुम्ही म्हणाल. थांबा. मंत्री प्रश्न विचारत नाही, मंत्री उत्तर देतो. आणि नागपूरकरांची गंमत अशी की आपले लोक फार वर पोचलेले! हे लिहितोय तेव्हा नागपूरचे खासदार नितीन गडकरी केंद्रात मंत्री आहेत, दक्षिण-पश्चिमचे आमदार देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, कामठीचे चंद्रशेखर बावनकुळे महसूलमंत्री. त्यांच्या कार्यालयात तुमचं काम कदाचित पत्रानेच होईल, आणि तसं होत असेल तर खुशाल करून घ्या. पण सभागृहात प्रश्न विचारून घ्यायचा असेल, तर दुसरा सदस्य शोधावा लागतो.

पर्याय पुष्कळ आहेत. नागपूर जिल्ह्यात विधानसभेच्या १२ जागा आहेत, शहरात ६ आणि ग्रामीण भागात ६. त्याखेरीज विधान परिषदेत नागपूर विभागाचे पदवीधर, शिक्षक आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी असतात. लोक त्यांना विसरतात, म्हणून त्यांच्याकडे गर्दीही कमी. दिल्लीसाठी रामटेकचे खासदार आहेत, राज्यसभेचे सदस्य आहेत. सदस्याने आपल्याच मतदारसंघाचा प्रश्न विचारावा असं बंधन नाही. ज्याला विषयाची गोडी आहे तो आमदार तुमच्या तालुक्याचा नसला तरी चालेल. मी तर विरोधी पक्षाच्या आणि सत्ताधारी पक्षाच्या अशा दोन सदस्यांना एकच विषय देतो. एकाच प्रश्नावर सात-आठ सदस्यांची नावं छापलेली असतात ती अशीच जमतात.

आणि खरा माणूस म्हणजे पीए. आमदार लग्नात, उद्घाटनात, मयतीत, पीए कार्यालयात. त्याला सकाळी दहाच्या आत भेटा. माझं चार पानी निवेदन पाहून एक पीए म्हणाला होता, ‘भाऊ, चार पानं कोन वाचून राह्यलं? अर्ध्या पानात दे, आजच टाकतो.’

सावध राहा: ‘प्रश्न लावून देतो, एवढे लागतील’ असं सांगणारा मध्यस्थ भेटला तर उलट्या पावली परत या. प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये संसदेने ११ खासदारांना घरी पाठवलं होतं.

४. कागद जमवा

- पासबुकाची झेरॉक्स, ज्यात पैसे आले ते आणि न आले ते महिने दिसतात
- मंजुरीचं पत्र किंवा लाभार्थी यादीतलं पान
- तहसीलीत किंवा संबंधित कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच. शिक्का आणि तारीख असलेलीच
- माहितीच्या अधिकारात मिळालेलं उत्तर
- योजनेचा शासन निर्णय, निदान त्याची तारीख
- विषय निर्यातीचा असेल तर आडत्याच्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या), परदेशातल्या माणसाचा असेल तर वकिलातीला पाठवलेले ईमेल आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रार पोर्टलवरचा तक्रार क्रमांक
- याआधी त्याच विषयावर सभागृहात आलेलं उत्तर

यातला माहितीचा अधिकार सोडू नका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक पान अर्ज, ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही १० रुपये माफ. मावशीच्या गावात नेमक्या किती जणांचं पेन्शन थांबलं हे मला असंच कळलं. मी हजारो म्हणत होतो, निघाले ३७. पण या ३७ वर सरकारी शिक्का होता. त्या आकड्याला ‘हे खरे नाही’ म्हणायची सोय उरली नव्हती, कारण तो त्यांचाच आकडा होता.

आधारच्या झेरॉक्स गठ्ठ्याने वाटू नका. प्रश्नाला लाभार्थ्यांची नावं लागतच नाहीत. गाव, संख्या आणि महिने पुरतात.

५. प्रश्न लिहा (इथे घाई करू नका)

विधानमंडळाच्या प्रश्नाचा एक साचा आहे. ‘सन्माननीय सामाजिक न्याय व विशेष सहाय्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, आणि खाली चार भाग. पहिल्यात ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास’, पुन्हा ‘असल्यास’, शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ शेकडो प्रश्न वाचले तरी हाच ठेका.

या साच्याची गोम पहिल्या भागात आहे. बाकीचे तिन्ही भाग त्याच्या आधारावर उभे असतात. पहिल्याला ‘हे खरे नाही’ असं उत्तर आलं की बाकीच्यांचा ‘प्रश्न उद्भवत नाही’. पत्त्यांचा बंगलाच तो. म्हणून तुमची सगळी अक्कल त्या पहिल्या वाक्यात घाला, आणि त्यात मावेल तेवढंच लिहा.

दुसऱ्या वेळी मी दिलेला मसुदा असा होता. गावाचं नाव इथे गाळलंय:

‘(१) (अमुक) तालुक्यातील (अमुक) येथील श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेच्या ३७ लाभार्थ्यांना माहे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे अर्थसहाय्य मिळाले नाही, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, त्यांपैकी बँक खाते आधारशी संलग्न नसल्याने किती व अन्य कारणाने किती लाभार्थ्यांचे अर्थसहाय्य थांबले;
(३) थकीत रक्कम कोणत्या दिनांकापर्यंत जमा करण्यात येणार आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

यात ‘अन्याय’, ‘गलथान कारभार’, ‘उपासमार’ यांपैकी एकही शब्द नाही. घालावासा वाटतो, मलाही वाटला. पण टोमणा, तर्क, आरोप, मत असलं काही असेल तर विधिमंडळ सचिवालय ते काढून टाकतं किंवा प्रश्नच बाद करतं. न्यायालयात चालू असलेला विषयही चालत नाही. ‘जर असं झालं तर सरकार काय करेल?’ असा जर-तरचा प्रश्नही नाही.

तिसरा भाग पुन्हा पाहा. साच्यात इथे ‘कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’ असं असतं, आणि उत्तर येतं, ‘कार्यवाही सुरू आहे.’ सुरू असलेली कार्यवाही कयामतपर्यंत सुरू राहू शकते. म्हणून मी दिनांक विचारला. किती, कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने: उत्तरात आकडा किंवा तारीखच द्यावी लागेल असे शब्द शोधा. आणि मुद्दाम लक्षात घ्या, या भागाच्या आरंभी मी ‘असल्यास’ लिहिलेलं नाही. त्यामुळे पहिलं उत्तर डळमळलं तरी हा भाग आपल्या पायावर उभा राहतो.

लोकसभेचा साचा वेगळा. तिथे प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो आणि इंग्रजी किंवा हिंदीत दिला तर खासदारांच्या कार्यालयाची सोय होते. परराष्ट्राच्या प्रश्नाला आणखी एक पथ्य: लोकसभेच्या नियमांत मित्रदेशाबद्दल अनादराने लिहू नये असं स्पष्ट आहे. बांगलादेशवरचा माझा पहिला मसुदा वाचून खासदारांच्या कार्यालयातल्या मुलीने तीन विशेषणं खोडली आणि म्हणाली, ‘काका, एवढं राहिलं तर हा परत येतो.’ खोडल्यावर प्रश्न जास्त धारदार झाला, हेही कबूल करतो.

६. कोणत्या डब्यात बसवायचा?

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न होतात. अतारांकितचं फक्त लेखी उत्तर. लोकांना तारा हवा असतो, पण हिशेब पाहा. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न लागतात, तेही सोडतीने, आणि ११ ते १२ या तासात त्यातले चार-सहाच तोंडी होतात. बाकीच्यांची उत्तरं लेखीच पटलावर जातात. अतारांकित रोज २३० पर्यंत. राज्यसभेचा प्रश्नांचा तास १२ ला असतो, तिथे तारांकित १५. आकडेवारी काढायची असेल तर माझं मत सरळ अतारांकितच्या बाजूने आहे. मंत्र्याकडून सगळ्यांसमोर आश्वासन घ्यायचं असेल, तरच ताऱ्यामागे लागा.

अधिवेशन सुरू असताना काही नवं घडलं, तर विधिमंडळात तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना असते. वर्तमानपत्रात ‘लक्षवेधीला उत्तर देताना मंत्री म्हणाले’ असं वाचता ते हेच. संसदेत असे विषय मांडायला शून्य प्रहर आणि लोकसभेचा नियम ३७७ आहे.

७. वेळ

डिसेंबरच्या अधिवेशनासाठी डिसेंबरात धावणारा माणूस म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणारा. तारांकित प्रश्नांच्या सूचनांची मुदत अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी संपते. दिवाळीचा फराळ संपायच्या आत मसुदा पीएच्या हातात हवा. त्याच्याही आधी माहितीच्या अधिकाराचे ३० दिवस धरा, म्हणजे पोळा झाला की कामाला लागा. संसदेसाठी किमान १५ दिवसांची पूर्वसूचना लागते, पण खासदाराला एका दिवसासाठी मोजक्याच सूचना देता येतात, म्हणून तिथेही रांग असते.

परदेशात कोणी अडकलं असेल, पासपोर्ट मालकाने काढून घेतला असेल, तर प्रश्नाच्या नादी लागूच नका. वकिलात, मदद पोर्टल, खासदारांचं पत्र, हे आधी आणि आजच. प्रश्न नंतर, असे किती जण अडकले होते हे विचारायला.

८. गॅलरीत बसायचं असेल तर

एकदा तरी बसा. सदस्याच्या शिफारशीने पास निघतो. ओळखपत्र मूळ न्या. मोबाइल, पिशवी, पाण्याची बाटली आत जात नाही, आणि मोर्च्यांच्या दिवसांत विधान भवनाच्या आसपास गाडी लावायला जागा मिळत नाही. मी बर्डीवर गाडी ठेवून चालत जातो. वाटेत गोवारी स्मारक लागतं. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच अधिवेशनावर आलेल्या मोर्च्यात ११४ गोवारी चेंगराचेंगरीत गेले. आपलं म्हणणं सरकारच्या कानावर घालायला आले होते तेही. मी तिथे दोन मिनिटं थांबतो.

आत गेल्यावर पहिला धक्का हा की मंत्री उत्तर वाचत नाहीत. छापील उत्तर आधीच सदस्यांच्या हातात असतं. अध्यक्ष क्रमांक पुकारतात आणि थेट उपप्रश्न सुरू होतात. खरी झुंज तिथे. म्हणून तुमच्या सदस्याला आदल्या संध्याकाळी दोन उपप्रश्नांची चिठ्ठी द्या, दोनच, प्रत्येकी एका ओळीचा. मोठ्या अक्षरात लिहा. एका आमदारांनी माझी चिठ्ठी चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न केला आणि श्रावणबाळचं ‘शालेय बाल’ झालं. मंत्री म्हणाले, हा विषय शिक्षण खात्याचा आहे. सभागृह हसलं, मी गॅलरीत मान खाली घालून बसलो.

पटलं-नाही पटलं तरी टाळी वाजवू नका, बाहेर काढतात. जाणं जमत नसेल तर संसद टीव्ही आहे, विधिमंडळाचं कामकाजही थेट दिसतं.

९. उत्तर वाचायचं कसं?

सरकारी उत्तराची स्वतःची भाषा असते. थोडा सराव लागतो.

‘हे अंशतः खरे आहे’ हे आलं तर पेढे वाटा. सरकारने अर्धं मान्य केलंय, उरलेलं अर्धं कोणतं ते पुढच्या प्रश्नात विचारता येतं. ३७ जणांच्या प्रश्नाला मला हेच मिळालं: २९ जणांची खाती आधारशी जोडलेली नव्हती, ८ जणांचे हयातीचे दाखले ‘प्राप्त झाले नव्हते’. मावशी त्या ८ मध्ये, आणि तिच्या दाखल्याची पोच माझ्या फायलीत!

‘माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ याला लोक पळवाट समजतात. ती पळवाटही आहे आणि वचनही. संसदेत असं वाक्य आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि ते साधारण तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. नजर ठेवायला आश्वासन समिती आहे, तशी ती आपल्या विधिमंडळातही आहे.

परराष्ट्राच्या उत्तरांत ‘सरकार घडामोडींवर बारकाईने लक्ष ठेवून आहे’ हे ठरलेलं वाक्य. त्यात रागवण्यासारखं काही नाही. वाटाघाटी चालू असताना कोणताही देश आपले पत्ते उघडे करत नाही. तुम्ही त्याच्या आधीचं वाक्य पाहा. ‘हा विषय अमुक पातळीवर, अमुक बैठकीत मांडण्यात आला’ असं असेल तर काहीतरी घडलंय. नुसतं ‘वेळोवेळी मांडण्यात आला’ असेल, तर पुढच्या अधिवेशनात तारखा विचारा.

१०. उत्तर हातात आल्यावर

उत्तर विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, दोन प्रती छापा. बहुतेक लोक ते व्हॉट्सॲपवर फिरवतात आणि थांबतात. तसं करू नका. त्याच कार्यालयात, त्याच खिडकीवर नवा अर्ज द्या, आणि अर्जाच्या डोक्यावर विषयाच्याही वर लिहा: ‘संदर्भ: महाराष्ट्र विधानसभा, अतारांकित प्रश्न क्रमांक अमुक, भाग (२) चे उत्तर.’ सोबत पोच पुन्हा जोडा.

मी मावशीला घेऊन असाच गेलो. खिडकीवरच्या बाबूने अर्ज हातात घेतला, सवयीने म्हणाला, ‘बँकेत जा.’ मग त्याची नजर पहिल्या ओळीवर गेली. चष्मा वर सरकवून त्याने ती पुन्हा वाचली, उत्तराचं पान उलटून पाहिलं, आणि मावशीला म्हणाला, ‘बसा ना आजी, उभ्या काहून?’ इतक्या खेपांत पहिल्यांदा तिला त्या कार्यालयात खुर्ची मिळाली. पैसे संक्रांतीनंतर आले, चार महिन्यांचे एकदम, ६,००० रुपये.